रो हाउसची मधली भिंत: आवाज, ओल आणि शेजारचे काका

आंबेमोहोर | ११ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वेळ बघून कळलंच असेल की झोप लागलेली नाही. शेजारी मालिका चालू आहे. सून सासूला आत्ता काय म्हणाली ते मी शब्दशः सांगू शकते, आणि तिचं बरोबर आहे.

आमचं नाशिकला रो हाउस आहे. चार घरांची ओळ, त्यातलं तिसरं आमचं. बांधकाम बारा वर्षांपूर्वीचं. दोन नंबरात सत्तरी ओलांडलेले काका-काकू राहतात. माणसं सोन्यासारखी. आम्ही गावाला गेलो की घराची किल्ली त्यांच्याकडे असते आणि तुळशीला पाणीही काकूच घालतात. त्यामुळे भांडण हा पर्याय नाही, हे आधीच सांगते.

भिंतीचं दुखणं तीन प्रकारचं आहे. पहिल्या मजल्यावर आमच्या बेडरूममध्ये त्यांचा टीव्ही शब्द न् शब्द ऐकू येतो. पावसाळ्यात त्याच भिंतीचा वरचा कोपरा ओला होतो, रंगाचे पोपडे पडतात, पांढरा खार फुटतो. आणि त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागतो. झुरळं कुठून येतात तेही कळत नाही.

एका इंटिरियरवाल्याला बोलावलं. त्याने सगळ्या भिंतीला फोमचं पॅनेल आणि वरून कापड असं ९२ हजारांचं कोटेशन दिलंय. करावं का? कुणी अशी सामाईक भिंत करून घेतली आहे का?

---

खुसपट | ११ एप्रिल, रात्री ११:५२

९२ हजारांत काकांना कानाचं उत्तम मशीन येईल.

---

आंबेमोहोर | ११ एप्रिल, रात्री ११:५५

मशीन आहे. कपाटात आहे.

---

तिसरी_घंटा | १२ एप्रिल, सकाळी ९:१०

नाटकांच्या साउंडवर वीस वर्षं काढली आहेत म्हणून हक्काने सांगतो: त्या कोटेशनची होडी करा आणि पावसाळ्यात सोडा.

फोम आवाज गिळतो, अडवत नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओत भिंतीला जे लावलेलं दिसतं ते आतला घुमारा मारण्यासाठी असतं, बाहेरचा आवाज थोपवण्यासाठी नव्हे. अंड्यांचे ट्रे आणि थर्मोकोल यांचीही तीच गत. तुमच्या खोलीत फोम लावलात तर खोली मऊ वाटेल आणि काकांची सून आणखी स्वच्छ बोलेल.

आवाज अडवतं ते वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं की पाच-सहा डेसिबल कमी होतात, एवढाच हिशोब. पण त्याच्याही आधी बघायची ती भोकं. तुमची भिंत दहा बाय दहा, म्हणजे शंभर चौरस फूट धरू. तिला एक चौरस फुटाचं भोक असेल तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी ती वीस डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही. आणि भोक फक्त दीड चौरस इंचाचं असेल, म्हणजे स्विचबोर्डाच्या डब्यामागे पाइप शिरतो तेवढं, तरी चाळीसच्या वर जात नाही. चार इंची विटेची भिंत दोन्हीकडून नीट गिलावा केलेली असली तर मुळात चाळिशीच्या पुढे असते. म्हणजे एक बोर्ड सगळी भिंत वाया घालवू शकतो.

शब्द कळतात म्हणालात ना, तीच खूण आहे. जाड भिंतीतून येतो तो ढब-ढब असा खालचा आवाज. स, श, च असे बारीक आवाज भिंत सहसा खाऊन टाकते. ते कळत असतील तर हवेला वाट आहे. फोडणीचा ठसकाही तेच सांगतोय. आज रात्री पंखे बंद करा, उदबत्ती लावा आणि भिंतीच्या कडेकडेने, बोर्डांसमोरून हळूहळू फिरवा. धूर कुठे हलतो ते इथे लिहा.

---

कलमदान | १२ एप्रिल, सकाळी १०:३२

ध्वनिप्रदूषण नियम २०००. निवासी भागात दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. तक्रार करता येते.

---

ओळंबा | १२ एप्रिल, दुपारी १:०५

तक्रार करून किल्ली कुणाकडे ठेवायची, कलमदान? :)

आंबेमोहोर, मी सिव्हिलवाला आहे. उपाय सांगण्याआधी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. गच्चीवर जाऊन तुमच्या आणि दोन नंबरच्या मधला कठडा बघा. एकच कठडा आहे, की दोन कठडे चिकटून आणि मध्ये फट आहे? एकच असेल तर भिंत खरोखर सामाईक. दोन असतील तर ती दोन वेगळ्या इमारती आहेत, भिंती दोन आहेत आणि मधला सांधा मुद्दाम ठेवलेला आहे. दुसरं, बेडरूममध्ये एखादा खिळा नव्याने ठोकायचा असेल तर ड्रिलची भुकटी बघा. लाल आली तर वीट. पांढरट आणि हलकी आली तर ब्लॉक, आणि ब्लॉक हलका असल्यामुळे आवाजाला कमी पडतो.

---

माजघर | १२ एप्रिल, दुपारी ३:४४

अवांतर: आमच्या कोकणातल्या घराची आजोबांच्या वेळी वाटणी झाली. मधली भिंत जांभ्याची, दीड फूट जाड. तरी धाकट्या आजोबांकडचं सगळं आम्हाला ऐकू यायचं, कारण भिंत पाटाईपर्यंतच नेलेली, वर कौलांखाली सगळं मोकळं. मांजर या घरात जन्माला येऊन त्या घरात दूध प्यायची. माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, पण कुणाला बरं नसलं की रात्रीच्या खोकल्यावरून कळायचं.

---

आंबेमोहोर | १३ एप्रिल, रात्री १०:२०

रिपोर्ट. कठडे दोन आहेत. मध्ये बोटभर फट, वरून सिमेंट मारलेलं, पण ते उभं फुटलंय आणि त्यातून पिंपळाचं एक रोप वर आलंय. चार नंबरच्या बाजूला मात्र एकच कठडा. गंमत म्हणजे चार नंबरवाल्यांचं काहीच ऐकू येत नाही. भिंत एकच असून!

भुकटी लाल.

उदबत्ती पलंगाशेजारच्या बोर्डासमोर धरली तर धूर सरळ आमच्याकडे आला, जणू कुणी फुंकर घालतंय. भिंतीच्या कडेला काही नाही. वर मात्र फॉल्स सीलिंग आहे, त्याच्या वर हात जात नाही.

---

ओळंबा | १३ एप्रिल, रात्री ११:१५

पिंपळाने निदान केलं की.

लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

चार घरांची ओळ ही दोन-दोन घरांच्या दोन इमारती आहेत. दोन आणि तीन नंबरच्या मधला एक्स्पान्शन जॉइंट. उन्हाने, थंडीने, जमीन बसल्याने दोन्ही इमारती आपापल्या हलतात, म्हणून मध्ये फट ठेवावीच लागते. कॉलम भरताना मध्ये थर्मोकोलचं शीट घालतात, तेही आत असेल. दोन भिंती आणि मध्ये हवा ही खरं तर आवाजासाठी चांगली रचना. पण बांधताना सिमेंट-वाळूचा मसाला मध्ये पडतो, विटांचे तुकडे पडतात आणि दोन्ही भिंती जागोजाग एकमेकींना टेकतात. शिवाय दोन्हीकडचे विजेचे डबे मागून त्याच पोकळीत उघडे. पोकळी म्हणजे मग गल्लीच होते. आवाज, वास, झुरळं, सगळ्यांची ये-जा तिथून.

ओल वरून येते आहे. त्या सांध्यावर सिमेंट मारणं ही सगळीकडे होणारी चूक आहे. सिमेंटला हलता येत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात फुटतं आणि पावसाचं पाणी थेट दोन भिंतींच्या मध्ये उतरतं. मग तुम्ही आतून कितीही वेळा पुट्टी करा.

काम गच्चीपासून सुरू करा आणि मेअखेर संपवा, पृष्ठभाग कोरडा असताना. जुनं सिमेंट खरवडून काढा, रोप मुळासकट. दोन्ही कडा सरळ करून घासून घ्या. मग फटीत बॅकर रॉड दाबून बसवा. ही फोमची गोल दोरी असते, फटीपेक्षा पाव पटीने जाड घ्यायची म्हणजे आवळून बसते. तिच्यावर पॉलियुरेथेन सीलंट. फट इंचभर असेल तर सीलंट अर्धा इंच खोल, म्हणजे रुंदीच्या निम्मा. जास्त भरला म्हणजे जास्त टिकतो असं नाही. सीलंट दोन्ही बाजूंना चिकटला पाहिजे, तळाला नाही. तिन्हीकडे चिकटला तर ताणला जात नाही आणि फाटतो. ती दोरी त्यासाठीच. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर वापरू नका, धरत नाही.

त्यावर वाकवलेल्या पत्र्याची टोपी. तिला स्क्रू एकाच बाजूच्या कठड्यात मारा. दोन्हीकडे मारलेत तर पत्रा दोन इमारतींना बांधून ठेवेल, आणि इमारती काही तुमच्या पत्र्याचं ऐकणार नाहीत. हाच सांधा घराच्या पुढच्या-मागच्या भिंतीवरून खालपर्यंत येतो, तोही तसाच भरा. अर्धा सांधा काकांच्या मालकीचा आहे, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय छिन्नी लावू नका.

आतून एवढंच: बोर्ड उघडून डब्यांच्या मागचे पाइप आणि भोकं बंद करा. वीज मेनपासून बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून. आणि ते फॉल्स सीलिंग एकदा उघडाच. माजघर यांनी गंमत म्हणून लिहिलंय, पण मला तिथेच शंका आहे.

---

झटपट_राव | १४ एप्रिल, सकाळी ८:०२

एवढं कशाला? फोमचा स्प्रे डबा मिळतो. बोर्डात मारा, फटीत मारा, दहा मिनिटांत फुगून घट्ट. मी एसीच्या भोकाला मारलाय, मस्त.

---

जर्सीतली_जाई | १४ एप्रिल, सकाळी ९:४८

एसीच्या भोकाला ठीक. विजेच्या डब्यात प्लीज नको. तो फोम जळतो.

आम्ही न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो. इथे दोन घरांमधल्या भिंतीकडे सगळ्यात आधी आग म्हणून बघतात. मध्ये एक इंच जाडीच्या जिप्समच्या दोन थरांची वेगळी भिंत असते, दोन तास आग थोपवणारी, आणि ती दोन्ही घरांच्या लाकडी सांगाड्याला ॲल्युमिनियमच्या क्लिपांनी धरलेली. एका घराला आग लागली की त्या बाजूच्या क्लिपा वितळतात, जळतं घर कोसळतं, भिंत दुसऱ्या घराला धरून उभी राहते. हिवाळ्यात त्या पोकळीतून गार वारा येतो म्हणून आमच्या एका शेजाऱ्याने तिथे फोम भरायला घेतला होता, इन्स्पेक्टरने काढायला लावला.

तुमच्याकडे विटा आहेत हे नशीब, पण डब्याभोवती आगरोधक पुट्टी किंवा साधा मसालाच बरा.

---

ओळंबा | १४ एप्रिल, सकाळी १०:१५

+१. शिवाय फोम हलका. वर तिसरी_घंटा यांनी लिहिलंच आहे, आवाजाला वजन लागतं.

---

पेठी_पुणेकर | १४ एप्रिल, दुपारी १२:३०

तुमच्याकडे दोन भिंती आहेत यात सुख माना. आमच्या पेठेत वाड्यांना खरीखुरी एकच भिंत, दगड-मातीची, दोन्हीकडच्या तुळया तिच्यातच बसवलेल्या. शेजारचा वाडा बिल्डरने पाडला तेव्हा आमची माजघरातली भिंत एका दिवसात बाहेरची भिंत झाली. मातीची जोडणी, गिलावा नाही, शेजाऱ्यांच्या देवघराचा कोनाडा रस्त्यावरून दिसतोय अशी अवस्था. जूनमध्ये ताडपत्री, मग पत्रे. तीन पावसाळे ते पत्रे वाऱ्याने वाजत होते. शेवटी जाळी मारून बाहेरून गिलावा आम्हीच करून घेतला. ज्यांचं शेजारी पाडकाम निघणार असेल त्यांनी ही भिंत कोण झाकून देणार ते आधी कागदावर घ्या. नंतर कुणी फोन उचलत नाही.

---

लीड्सकर | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

पेठी_पुणेकर, यासाठी इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा पार्टी वॉल कायदाच आहे. सामाईक भिंतीला हात लावायचा तर दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस. त्याने चौदा दिवसांत होकार दिला नाही तर सर्व्हेयर नेमायचा, त्याची फी सहसा काम काढणाऱ्याने द्यायची. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी नोटिशीला केक पाठवून होकार कळवला.

ओळंबांनी पोकळीला गल्ली म्हटलंय ते इथे फार महागात पडलं होतं. दोन घरांमधली भिंत म्हणजे दोन्हीकडे ऊब, तिच्यातून उष्णता जाणारच कुठे, असं धरून हिशोबात तिची गळती शून्य मांडत. मग लीड्स मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या लोकांनी स्टॅमफर्ड ब्रूक इथल्या नव्या घरांत प्रत्यक्ष मोजलं, तर गळती निघाली. पोकळी धुरांड्यासारखी काम करत होती, खोल्यांतली ऊब वर माळ्यात आणि तिथून बाहेर. २०१० पासून नियम बदलला. पोकळी रिकामी आणि कडा उघड्या असतील तर भिंतीचा यू-मूल्याचा आकडा (जितका मोठा, तितकी उष्णतेची गळती जास्त) ०.५ धरायचा, कडा बंद केल्या तर ०.२, आणि आत लोकर भरून कडाही बंद केल्या तरच शून्य. नुसत्या कडा बंद करण्याने केवढा फरक पडतो ते बघा.

---

गोदाकाठ | १४ एप्रिल, रात्री ९:००

मग नाशिकलाही लोकर भरली तर उन्हाळ्यात घर गार राहील का?

---

ओळंबा | १४ एप्रिल, रात्री ९:२५

नाही. मधल्या भिंतीला ऊन लागतच नाही. तापतात ते स्लॅब आणि पश्चिमेची भिंत. उष्णतेसाठी पैसे घालायचे तर गच्चीवर घाला. मधल्या पोकळीत लोकर भरलीत आणि वरून पाणी आलं, तर ओली गोधडी भिंतीत ठेवल्यासारखं होईल.

---

आंबेमोहोर | ९ मे, रात्री ८:३०

उशिराबद्दल क्षमस्व, मुलाची परीक्षा होती.

सीलिंग उघडलं. उघडणाऱ्या पोराने बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तिकडचा दिवा दिसतोय."

सीलिंगच्या वर भिंतीला गिलावाच नाही! विटा उघड्या, आणि बीमच्या खाली अर्धा इंच फट या टोकापासून त्या टोकापर्यंत. बांधणाऱ्याने शेवटची वीट बसवली आणि वर मसाला भरलाच नाही. झाकलं जाणार होतं ना. मग धीर करून काकांकडे गेले. त्यांच्या टीव्हीच्या बरोबर वर माळा आहे, बॅगा आणि पितळी भांड्यांनी भरलेला. भांडी उतरवली, तर मागे तेच. गिलावा नाही, फट.

आणि आता खरी गोष्ट. मी चाचरत चाचरत टीव्हीचं बोलले, तर काकू म्हणाल्या, "अगं, आम्हालाही सगळं येतं ऐकू. परवा त्याला गणितात कमी पडले तेव्हा किती ओरडलीस. मला वाईट वाटलं, म्हणून तर दुसऱ्या दिवशी शेवया आणून दिल्या."

मला त्या शेवयांचं कारण तेव्हा कळलं नव्हतं.

---

तिसरी_घंटा | ९ मे, रात्री ९:१२

दहा फूट लांब, अर्धा इंच रुंद. साठ चौरस इंच. म्हणजे चोवीस डेसिबलच्या पुढे ती भिंत जाऊच शकत नव्हती. काकांचा टीव्ही पंचाहत्तरवर असेल तर तुमच्या उशीशी पन्नास. सून स्पष्ट बोलणारच.

---

ओळंबा | ९ मे, रात्री ९:४०

फटीत विटेच्या चिपा ठोकून कोरडसर मसाला भरा, एकास तीन, सोबत न आकसणारं मिश्रण. बीमला लागून शेवटचा पाव इंच मात्र लवचीक सीलंट, कारण बीम थोडा वाकतो आणि कडक मसाल्याला तिथे पुन्हा चीर जाते. मग वरपर्यंत गिलावा. दोन्ही घरांत करा.

एवढं करूनही त्रास राहिला तरच दुसरी भिंत: मूळ भिंतीपासून अर्धा इंच सुटी चॅनेलची चौकट, आत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वर जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येतील असे. साडेतीन इंच खोली जाईल. पण एक पावसाळा कोरडा गेल्याशिवाय ती नाही. ओल्या भिंतीवर बोर्ड म्हणजे बुरशीचा कारखाना.

---

आंबेमोहोर | २६ ऑगस्ट, रात्री १०:०५

पावसाळा बऱ्यापैकी झाला, म्हणून लिहिते.

गच्चीचा सांधा मे संपता संपता झाला. दोरी, सीलंट, पत्र्याची टोपी, सगळं सांगितल्याप्रमाणे. मिस्त्री दोन्हीकडे स्क्रू मारायला निघाला होता, धागा उघडून दाखवला. गवंड्याचे तीन दिवस, इलेक्ट्रिशियन, सीलंट, पत्रा आणि सीलिंग परत बसवणं मिळून २३ हजार झाले. काकांनी हट्टाने निम्मे दिले.

गोदावरीला पूर येण्याइतका पाऊस होऊन गेला, कोपरा कोरडा आहे. मागच्या आठवड्यात प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवला होता, मागे दमटपणा नाही. जुना खार ब्रशने झाडून काढला, रंग दिवाळीआधी.

टीव्हीची कुजबुज झाली आहे. काहीतरी चालू आहे एवढं कळतं, काय ते नाही. पूर्ण गेलं नाहीये: काकूंचा मिक्सर आणि खलबत्ता अजून भिंतीतून येतो, कारण त्यांचा ओटा भिंतीत बसवलेला आहे. मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा दिला, फरक पडला. खलबत्त्याखाली गोणपाट घालतात, कधी विसरतात. झुरळं कमी. फोडणीचा वास येतो, पण आता खिडकीतून.

दुसऱ्या भिंतीचं सध्या काही करत नाही.

---

माजघर | २६ ऑगस्ट, रात्री १०:३०

मांजराची वाट बंद केलीत तर.

---

खुसपट | २६ ऑगस्ट, रात्री १०:४१

ते सगळं राहू द्या. त्या सुनेचं पुढे काय झालं?

---

आंबेमोहोर | २६ ऑगस्ट, रात्री १०:४४

कल्पना नाही. उद्या काकूंना विचारून सांगते.